आधी अर्थिंग बघ

नवी मुंबईत ज्याचं बालपण ट्रकच्या आजूबाजूला गेलं, त्याच्या कानावर ‘अर्थिंग’ हा शब्द विज्ञानाच्या पुस्तकाआधी पडलेला असतो. आमच्या पिढीचं तरी तसंच झालं. वडील कांदा-बटाटा मार्केटला माथाडी. काकांचा स्वतःचा ट्रक, लोणंदहून कांदा भरून तुर्भ्याला यायचा. माल उतरला की काका कोपरखैरण्याला घरी येण्याआधी गाडी इलेक्ट्रिकच्या दुकानासमोर लावायचे. रात्रभराच्या प्रवासात कुठला ना कुठला दिवा गेलेलाच असायचा आणि त्याच रात्री परत निघायचं असायचं. त्यांचा डबा घेऊन जायचं काम माझ्याकडे, त्यामुळे शाळा सुटल्यावरच्या कितीतरी दुपारी त्या दुकानाच्या बाकड्यावर गेल्या.

या शहराची घडणच ट्रकच्या येण्याजाण्यातून झाली. ते वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० सालची. ठाणे खाडीवरचा पहिला पूल १९७३ मध्ये सुरू झाला आणि मुंबईच्या गल्ल्यांत न मावणारे बाजार एकेक करून खाडीपलीकडे यायला लागले. मशीद बंदरचा कांदा-बटाटा आधी आला, मसाला आणि धान्य मागाहून, १९९६ मध्ये भाजी आणि फळं. लोखंडाचा बाजार कळंबोलीला गेला. १९८९ मध्ये न्हावा शेवाचं बंदर सुरू झालं आणि उरणच्या रस्त्याला कंटेनरची रांग लागली. ट्रक आले तशी त्यांच्या मागोमाग कामाची अख्खी आळी आली. पंक्चरवाला, पाटे बदलणारा, ग्रीस मारणारा, रेडिएटरवाला, ताडपत्री शिवणारा, पाठीमागच्या फळीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ आणि ‘यूज डिपर अ‍ॅट नाइट’ रंगवणारा पेंटर. या सगळ्यांत सर्वांत कमी जागेत ज्याचं भागायचं तो इलेक्ट्रिकवाला.

आमच्या लायनीतलं दुकान म्हणजे पत्र्याची टपरी. पुढे बाकडं, आत फळीवर ओळीने बल्ब, खिळ्यांना टांगलेली वायरची वेटोळी, बिस्किटांच्या डब्यांत सुटी टर्मिनलं, कोपऱ्यात चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या आणि त्यांचा नाकात चढणारा अ‍ॅसिडचा वास. मालक आझमगडकडचे. लहानथोर सगळे त्यांना चाचा म्हणायचे. हत्यारं मोजकी: पक्कड, पेचकस, पॉलिश पेपरचा तुकडा, काळी टेप, स्टोव्हवर तापवून डाग द्यायचं तांब्याच्या टोकाचं हत्यार. आणि टेस्ट लॅम्प. जुन्या होल्डरमध्ये बसवलेला एक बल्ब, त्याला दोन वायरी, एकीच्या टोकाला चिमटा आणि दुसरीच्या टोकाला सायकलचा स्पोक घासून केलेली अणकुचीदार तार. तपासणीचं यंत्र म्हणायचं तर एवढंच.

एवढ्यावर कसं भागायचं, हे समजायला तेव्हाचा ट्रक कसा तयार व्हायचा ते आठवावं लागेल. टाटा १२१०, १६१३ किंवा लेलँडची कॉमेट, गाडी कुठलीही असो, कंपनीतून पुष्कळदा नुसती चॅसी निघायची. इंजिन, चाकं, स्टिअरिंग आणि वारा खात बसलेला ड्रायव्हर. केबिन आणि हौदा बांधणार गावोगावचे बॉडी बिल्डर. कंपनीने दिलेली वायरिंग चॅसीपुरती, तिथून पुढे मागचे दिवे, टपावरचे दिवे, केबिनमधला दिवा, देवाच्या फोटोवरची लाल-हिरवी माळ, सगळं ज्याने बॉडी बांधली त्याच्या मर्जीचं. त्याच्याकडे त्या दिवशी पिवळी वायर शिल्लक असेल तर तुमच्या ब्रेकच्या दिव्याला पिवळी, नसेल तर निळी. त्यामुळे एका कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन गाड्यांची वायरिंग पाच वर्षांनी एकमेकींना ओळखत नसे. नकाशा असून उपयोग नव्हता, आणि नकाशा कुणाकडे नव्हताही.

म्हणून चाचांची पद्धत रंगांवर बेतलेली नव्हतीच. बंद पडलेल्या दिव्यापासून सुरुवात करायची आणि बॅटरीकडे उलटं चालत जायचं. दिवा पेटायला दोन गोष्टी लागतात, करंट येण्याची वाट आणि परत जाण्याची वाट. ट्रकमध्ये परत जाण्याची वाट म्हणजे गाडीचा सांगाडाच. बॅटरीचं निगेटिव्ह टोक चॅसीला बांधलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक दिव्याची एक वायर जवळच्या लोखंडाला बोल्टने आवळली की काम झालं. तर चाचा आधी टेस्ट लॅम्पचा चिमटा चॅसीच्या घासून चकचकीत केलेल्या जागी लावायचे आणि अणकुचीदार तार होल्डरच्या टर्मिनलला. बल्ब पेटला की करंट येतोय. मग चिमटा बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि तार त्या दिव्याच्या अर्थच्या वायरीला. पेटला तर परतीची वाट साफ. दोन्हीकडे पेटला आणि तरी दिवा बंद, तर बल्ब गेलेला किंवा होल्डरची पत्ती ढिली. बहुतेक वेळा दुसऱ्या तपासणीलाच टेस्ट लॅम्प मंद व्हायचा. ‘आधी अर्थिंग बघ, बल्ब नंतर,’ हे ते दुकानातल्या पोरांना दिवसातून कितीदा सांगायचे त्याला गणती नाही.

एक दोष तर पावसाळ्यात हमखास यायचा. काका गाडी लावून खाली उतरायचे आणि म्हणायचे, ‘चाचा, जरा बघा हो, ब्रेक मारला की सिग्नलचा दिवा पेटतोय आणि टेललॅम्प बारीक होतोय.’ ऐकणाऱ्याला वाटावं, दोन दोष एकदम आले. चाचा बाकड्यावरून न उठताच सांगायचे, ‘पेटणारच ना भाऊ, अर्थ मेला असेल.’ होतं असं की मागच्या एकाच डब्यात टेल, ब्रेक आणि सिग्नल असे तिन्ही बल्ब असतात आणि तिघांची परतीची वायर एकच. ती वायर जिथे चॅसीला बोल्टने आवळलेली, तिथे गंज चढला की वाट बंद होते. पण पाणी जसं एक मोरी तुंबली की दुसरीतून वर येतं, तसा ब्रेकच्या बल्बमधून आलेला करंट शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि त्याच्या वायरीने लांबच्या कुठल्या तरी दिव्यातून परतीची वाट शोधतो. ब्रेकचा बल्ब २१ वॅटचा, टेलचा ५ वॅटचा. त्या दोघांच्या भांडणात जो पेटायचा तो पेटतो आणि ज्याने पेटायला हवं तो विझतो.

उपाय मात्र एका पान्याचा. बोल्ट काढला की खाली वायरच्या टोकाचं टर्मिनल हिरवं पडलेलं दिसायचं, चॅसीवर गंजाचा गोल चकंदळ. पोरगा पॉलिश पेपरने दोन्ही जागा घासून लखलखीत करायचा. वायर बोटभर मागे छाटून आतली तांब्याची तार लाल दिसते का बघायचा. हिरवी-काळी निघाली तर आणखी छाटायची. नवं टर्मिनल लावून डाग द्यायचा, बोल्ट आवळायचा आणि वर ग्रीसचा लपका. खाडीकाठची खारी हवा आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा पाऊस यांच्यापुढे तो लपका फार तर एक मोसम टिकायचा. म्हणून दर मे महिन्यात शहाणे मालक गाडीचे सगळे अर्थचे बोल्ट उघडून साफ करून घ्यायचे.

दुसरी नेहमीची तक्रार हेडलाइट मंद असल्याची. चोवीस व्होल्टच्या गाडीतला हॅलोजन बल्ब अप्परला ७५ वॅट आणि डिपरला ७० वॅट. एका बल्बला साधारण तीन अँपिअर, दोघांना मिळून सहा. जुन्या गाडीत हा सगळा करंट बॅटरीपासून डॅशबोर्डच्या स्विचमधून, तिथून डिपरच्या स्विचमधून, फ्यूजमधून आणि मग पुढे, असा केबिनभर फिरून जायचा. काही गाड्यांत डिपर पायाशी असायचा, क्लचच्या डावीकडे, जिथे ड्रायव्हरच्या चपलेचा सगळा चिखल गोळा व्हायचा. प्रत्येक सांध्यावर थोडंथोडं व्होल्टेज खाल्लं जायचं. फिलामेंटच्या बल्बचा हिशोब मोठा निष्ठुर आहे: व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं की उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. ड्रायव्हर जास्त वॅटचा बल्ब मागायचे. चाचा द्यायचे नाहीत. जास्त वॅट म्हणजे त्याच झिजलेल्या स्विचवर जास्त भार, म्हणजे आणखी गरम आणि शेवटी स्विच वितळणार. ते एक रिले बसवायचे. बॅटरीकडून जाड वायर थेट रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला, ८७ वरून हेडलाइटला, आणि जुन्या स्विचकडे फक्त रिले ओढण्याचं हलकं काम. त्या रात्री खंडाळ्याच्या घाटात दगड न् दगड दिसतो, असं काका चार जणांना सांगत सुटायचे.

तिसरा दोष सगळ्यांत चिवट. फ्यूज घातला की ठीक, गाडी खड्ड्यात आपटली की फ्यूज उडतो. म्हणजे वायर कुठे तरी सोलली आहे आणि हादऱ्याला चॅसीला लागते आहे. पण केबिनपासून मागच्या फळीपर्यंतच्या जुडग्यात कुठे? इथे चाचांची युक्ती बघण्यासारखी होती. त्या लायनीवरचे सगळे बल्ब काढून ठेवायचे आणि फ्यूजच्या जागी टेस्ट लॅम्प जोडायचा. आता त्या वायरीतून करंट जायला एकच वाट, शॉर्ट झाला तर. एक पोरगा दिव्याकडे डोळे लावून बसायचा, दुसरा गाडीखाली सरपटत जाऊन जुडगं वीतवीत हलवत पुढे जायचा. जिथे हात लावताच वरून ‘पेटला!’ अशी आरोळी यायची, तिथेच दोष. जागाही ठरलेल्या असायच्या. आडव्या बीममधल्या भोकातलं रबर निघून वायर पत्र्याच्या धारेवर घासलेली, किंवा सायलेन्सरजवळ प्लॅस्टिक वितळलेलं, किंवा टेललॅम्पच्या मागे ताडपत्रीच्या दोरीने ओढली गेलेली. दहा फ्यूज जाळण्याचं काम एक बल्ब करायचा आणि वायरही वाचायची, कारण शॉर्ट झाला तरी बल्बमधून जाईल तेवढाच करंट जाणार.

हे सगळं आठवताना ऊर भरून येतो. पण त्या काळाचं कौतुक करताना त्याच्या खोड्याही लिहून ठेवल्या पाहिजेत. उडालेल्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून गाडी पुढे हाकणं हा सर्रास प्रकार होता. फ्यूज जळत नाही म्हटल्यावर वायर जळते, आणि वायरच्या जुडग्यातून धूर निघाला की ड्रायव्हरला गाडी थांबवण्याइतकाच वेळ मिळतो. दुसरी खोड टेपरेकॉर्डरची. चोवीस व्होल्टच्या गाडीत बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीमागे एक जोडलेल्या असतात. टेप बारा व्होल्टची. मग दोघींच्या मधल्या टोकावरून वायर काढायची आणि एकाच बॅटरीवर गाणी वाजवायची. ती बॅटरी रोज रिकामी होणार, दुसरी रोज जास्त चार्ज होणार, आणि वर्षभरात दोन्ही भंगारात. ‘गाना एक सुनता है, बॅटरी दो मरती है,’ असं चाचा ऐकवायचे. तरी मधली वायर कुणी काढली नाही.

आणि उजेड? तो आठवणीत जेवढा वाटतो तेवढा नव्हता. डायनॅमोच्या जमान्यात तर इंजिन मंद झालं की दिवेही मंद व्हायचे. अल्टरनेटर आल्यावर ते थांबलं. समोरच्याच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून हेडलाइटच्या वरच्या भागाला काळा रंग फासलेला असायचा. १९७१ च्या युद्धातल्या ब्लॅकआउटमध्ये काचा काळ्या केल्याच्या गोष्टी जुने ड्रायव्हर सांगायचे. पण समोरच्याला आंधळं करण्यापेक्षा मागच्याला न दिसणं हा मोठा धोका होता. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर बंद पडलेला ट्रक म्हणजे अंधारात उभी भिंत. मागे दोन-चार दगड मांडायचे, झाडाची फांदी ठेवायची, असेल तर कंदील. दुरुस्ती झाली की ट्रक निघून जायचा आणि दगड रस्त्यातच राहायचे, पुढच्या मोटारसायकलवाल्यासाठी. किती घरांनी त्या अंधाराची किंमत मोजली, हे आमच्या माथाडी वस्तीत कुणी वेगळं सांगायला नको.

दिवे एका दिवशी मात्र सगळेच्या सगळे पेटायचे. पासिंगच्या. वाशीच्या आरटीओत, एमएच-४३ ला, गाडी न्यायच्या आदल्या संध्याकाळी दुकानासमोर रांग लागायची. हेडलाइटची दिशा लावायला अंधार पडावा लागायचा. गाडी सपाट जागी भिंतीसमोर उभी करायची, भिंतीवर खडूने दिव्याच्या उंचीची आडवी रेघ आणि मध्ये दोन फुल्या, मग पेचकसने हेडलाइटचे स्क्रू फिरवत उजेडाचा गोळा रेघेच्या किंचित खाली आणायचा. भिंत कुठल्याशा गोदामाची होती. तिच्यावर वर्षानुवर्षांच्या रेघा एकावर एक चढल्या होत्या.

आता तेच काम तपासणी केंद्रात यंत्र करतं. गाडी आत घ्या, दिव्यासमोर पेटी सरकते, तीव्रता आणि कोन आकड्यांत येतो. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीला दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी फिटनेस, हा नियम जाणकार मालकांना पाठ आहे. गाड्याही बदलल्या. कंपनीची केबिन, कंपनीचे दिवे, पाणी न शिरणारे सॉकेट, नळीतून नेलेली वायरिंग. फ्यूज रंगावरून ओळखायचे: दहाचा लाल, पंधराचा निळा, विसाचा पिवळा, तिसाचा हिरवा. मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी चमकणारी पट्टी, जिच्यामुळे दिवा गेला तरी गाडी निदान दिसते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नियम आले आणि इंजिनाचा कारभार पूर्ण कॉम्प्युटरकडे गेला. काही मॉडेलांत दिवेही आता स्विचमधून थेट पेटत नाहीत. स्विच कंट्रोल युनिटला सांगतो आणि युनिट दिव्याला करंट देतं. २०१५ मध्ये ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला राज्यात मनाई झाली. पेंटरचा धंदा स्टिकरवाल्याकडे गेला.

कळंबोलीला आज एखाद्या वर्कशॉपात उभं राहून बघा. पोरगा टॅब घेऊन येतो, डॅशबोर्डखालच्या सॉकेटला केबल लावतो आणि दोन मिनिटांत वाचून दाखवतो: डाव्या मागच्या दिव्याचं सर्किट ओपन. चाचांना जे शोधायला अर्धा तास लागायचा ते दोन मिनिटांत. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा थक्क झालो. मग त्या पोराला विचारलं, ओपन कुठे? तो हसला. ते टॅब सांगत नाही. केबिनपासून मागच्या दिव्यापर्यंतची सगळी लांबी अजून गाडीखाली सरपटूनच तपासावी लागते. आणि दोष सापडतो तो त्याच जुन्या जागी, अर्थच्या बोल्टखाली, बीमच्या भोकात, दिव्यामागच्या सॉकेटमध्ये शिरलेल्या पाण्यात. फरक एवढाच की जुन्या दिव्यात पाच वॅटचा बल्ब बदलला की भागायचं. एलईडीचा डबा कायमचा बंद केलेला असतो. त्यात पाणी गेलं तर अख्खा डबा नवा.

त्याच पोराकडे चांगला डिजिटल मल्टिमीटर होता. दिव्याच्या टर्मिनलला लावला तर आकडा बरोबर आला, चोवीसच्या वर. तरी दिवा पेटेना. इथे जुन्या माणसाची आठवण होते. मीटर वायरीतून जवळजवळ काहीच करंट घेत नाही. वायरीतल्या सगळ्या तारा सडून एकच केसाएवढी शिल्लक असली तरी तिच्यातून पूर्ण व्होल्टेज मीटरपर्यंत पोचतं आणि मीटर खोटं न बोलताही फसवतो. टेस्ट लॅम्पचा बल्ब मात्र अँपिअरभर करंट ओढायला बघतो. सडक्या वायरीला तो झेपत नाही आणि बल्ब मिणमिणतो. वायर कामाला लावल्याशिवाय तिची खरी ताकद कळत नाही, हे चाचांच्या दोन रुपयांच्या जुगाडाला बरोबर कळायचं. जाणते इलेक्ट्रिशियन आता मीटर लावतानाही दिवा चालू ठेवून मोजतात, बोल्टच्या अलीकडे आणि पलीकडे किती व्होल्टेज गळतं ते बघतात. गोष्ट तीच.

पण उलट बाजूही तितकीच खरी. आज टेस्ट लॅम्प सगळीकडे टोचता येत नाही. कंट्रोल युनिटच्या बारीक वायरीला २१ वॅटचा बल्ब लावला तर युनिटच जळू शकतं, आणि त्याची किंमत ऐकून मालक खाली बसतो. गाडीतली युनिटं एकमेकांशी बोलतात ती पिळलेल्या दोन वायरींवरून. तिथे बल्बाचं काहीच काम नाही. तिथे बॅटरीचं कनेक्शन काढून दोन वायरींमध्ये ओहम मोजायचे. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असल्याने मीटरवर ६० यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय. ही नवी विद्या आहे आणि ती शिकल्याशिवाय नव्या गाडीला हात लावू नये. आमच्या लायनीतल्या काही जुन्या हातांनी ती शिकून घेतली, काहींनी घेतली नाही. ज्यांनी घेतली नाही त्यांच्या टपऱ्यांत आता मोबाइलची कव्हरं विकायला आहेत.

दोन्ही विद्या एकत्र लागतात ते न्हावा शेवा बंदराच्या रस्त्यावर. तिथे ओढणारा घोडा नवा, बीएस-६, आणि मागचा ट्रेलर पंधरा-वीस वर्षांचा. घोडा आज या ट्रेलरला, उद्या त्या ट्रेलरला. दोघांना जोडणारी वेटोळ्याची केबल आणि सात पिनांचा सॉकेट दिवसभर काढला-घातला जातो, पावसात उघडा राहतो, पिना काळ्या पडतात. सॉकेटमधली अर्थची पिन गेली तर करंट परत यायला घोड्याच्या टर्नटेबलचं, म्हणजे ट्रेलर जिथे टेकतो त्या जागेचं, लोखंड शोधतो, पण तिथे ग्रीसचा जाड थर. मग ब्रेक मारला की सिग्नल पेटतो आणि टेललॅम्प बारीक होतो. तीच काकांची तक्रार, चाळीस फुटांच्या कंटेनरमागे. घोड्याचा डॅशबोर्ड काही वेळा गप्प राहतो, काही वेळा उगाच भलत्या दिव्याचं नाव सांगतो. संध्याकाळी उरण फाट्यावरून निघणाऱ्या ट्रेलरच्या मागे जरा वेळ गाडी चालवून बघा. कितीतरी ट्रेलरला मागे एकच दिवा असतो, तोही धुळीने लाल रंग विसरलेला.

म्हणून जुनं ते सोनं म्हणण्याचा माझा विचार नाही. आजचा ट्रक जास्त उजेड पाडतो, लांबून दिसतो, फ्यूजला चांदी लावायला जागा देत नाही. ड्रायव्हरचं आयुष्य त्याने सुरक्षित केलं आहे आणि ते चांगलंच झालं. त्या काळातलं जे खरोखर राखण्यासारखं होतं ते एवढंच: दिव्यापासून मागे चालत जाण्याची शिस्त, आधी परतीची वाट तपासण्याची सवय, आणि निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी. काका ती फेरी मारताना पोरांना केबिनमध्ये बसवून ब्रेक दाबायला लावायचे आणि मागून ओरडून विचारायचे, ‘दाबलायस ना रे?’ ती फेरी आता पुष्कळ जण मारत नाहीत, कारण डॅशबोर्डवर पिवळं चिन्ह पेटलं नाही म्हणजे सगळं ठीक, असा समज झाला आहे.

जुनी गाडी चालवणाऱ्यांना, आणि विशेषतः बंदरावरचे ट्रेलर फिरवणाऱ्या मालकांना, एवढंच सांगायचं आहे. पावसाळ्याआधी अर्थचे सगळे बोल्ट उघडा, घासा, आवळा. ट्रेलरला परतीची वेगळी जाड वायर टाका, टर्नटेबलच्या भरवशावर राहू नका. सात पिनांचा सॉकेट महिन्यातून एकदा साफ करा. उडालेला फ्यूज त्याच अँपिअरच्या फ्यूजने बदला आणि दुसऱ्यांदा उडाला तर तिसरा घालण्याआधी कारण शोधा. दिवेलागणीला निघताना कुणाला तरी ब्रेक दाबायला लावून एकदा मागे जाऊन बघा. मागचा दिवा चालू आहे की नाही, हे कुठल्याच ट्रकच्या केबिनमध्ये बसून खात्रीने कळत नाही. त्यासाठी खाली उतरावं लागतं.